बटनात ठोकलेली पाचर

१४ सप्टेंबर, रविवार

लिही गं सुजाता, माझे नातसुने. अक्षर नीट काढ. सासूबाईच्या सासूला वाचाय येत न्हाई म्हणून कोंबडीचं पाय उमटवू नगंस.

विशाल कामावरनं आला, गप जेवला. माझा नातू गप जेवला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. खोदून इचारलं तवा बोलला. त्येच्या प्रेस मशीनला दोन बटनं. पत्रा सरकवायचा, दोन्ही हातांनी दोन्ही बटनं दाबायची, तवाच वरनं ठोका पडतो आणि पत्र्यातनं चकती कापून निघती. हात बटनांवर, म्हंजे ठोक्याखाली एकबी न्हाई. ज्यानं हे मशीन काढलं त्येला आईनं चांगलं वळण लावलेलं दिसतंय.

आता ढवळे सुपरवायझरनं डाव्या बटनात लाकडाची पाचर ठोकलीया. ते बटन कायमचं दाबलेलं. उजव्या हातानं दुसरं दाबा, डाव्या हातानं पत्रा सरकवा. माल लवकर निघतो म्हणं.

माल निघतो. आणि बोट?

१७ सप्टेंबर, बुधवार

आज विशालनं पाचर काढली. ढवळे सगळ्यांदेखत म्हणाला, "एवढी जिवाची काळजी हाय तर घरात बायकूजवळ बस की." पाचर परत ठोकली. वर सांगितलं, दसरा होऊ दे, काँट्रॅक्ट वाढवायचं का न्हाई ते बघतो.

मी म्हटलं, उद्या परत काढ.

"आजी, सगळीच तशी चालवत्यात. तू गप बस."

गप बसायला मला कुणी शिकवलंच न्हाई. शाळा झाली न्हाई त्येचा एवढा एक फायदा.

शेजारच्या शेवंताचा थोरला. दोन बोटं गेली तवा कंपनी म्हणाली, तुझं लक्ष नव्हतं. आता लग्नाकार्यात एक हात खिशात घालून उभा असतो. लक्ष नव्हतं म्हणं. ह्यांचं लक्ष कुठं होतं ते कोण इचारणार?

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा, घरच्यांना बोलावणं हाय. विशाल म्हणतो, आजी तू नगं, पायऱ्या लई हाईत. पत्र्याच्या शेडला कसल्या पायऱ्या रं? माझ्या तोंडाला भितोय. सुजाता हसतीया. तेबी लिही.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

गेलतो. नवं लुगडं नेसून गेलतो.

मशीनं धुऊन पुसून ठेवलेली, झेंडूच्या माळा, मालकाच्या डोक्याला फेटा. कोहळा कापला. हळदीकुंकू लावायला बायकांना पुढं बोलावलं. मी उठलो तर ढवळे म्हणतो, "आजी, तुम्ही बसा, सवाशिणी लावतील." म्हटलं, माझं कुंकू गेलं बाबा, डोळं न्हाई गेलं. विशालचं मशीन बघून येतो.

बघितलं. माळेखाली ती पाचर तशीच. आणि कुणा बाईनं मशीनचाच भाग समजून तिलाबी कुंकू लावलेलं, वर फूल.

मालकाला हाक मारली. "मालक, हिकडं या. हा देव कुठला?"

मालकानं ढवळेकडं बघितलं, ढवळेनं कोहळ्याकडं. मग ढवळेच म्हणतो, "पूजेला लागलेली वस्तू आज हलवत न्हाईत, आजी. रीत हाय आपली."

रीत मला शिकवतो. माझ्या घरात विळा-कोयता पूजेला बसतो. विळ्याला लागलेला चिखल कुणी पूजत न्हाई, आधी धुऊन काढत्यात. हेच बोललो, मोठ्यानं बोललो. मालक हसला. "आजी लई तिखट हाय विशालची. परवा कंपनी उघडली की बघतो." आणि हातावर पेढा ठेवला.

पेढा मी खाल्ला न्हाई. साखर हाय म्हणून न्हवं.

घरी येताना गाडीवर विशालची माझ्याकडं पाठ, तरी त्येचं तोंड मला दिसत होतं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

मालकानं पाचर सोताच्या हातानं काढली. ऐकलं आणि मी सुजाताला म्हटलं, गोडाचं कर.

मग विशालनं पुढचं सांगितलं. मशीनवर दुसरा गडी बसवलाय, मलकापूरकडचा, दोन लेकरांचा बाप. विशालच्या हातात झाडू. आणि मालकाची गाडी गेटाबाहेर पडली की ढवळे खिशातनं पाचर काढतो.

सुजाता म्हणाली, देवाची किरपा, ह्यांची बोटं तरी वाचली. लिही, तुझंच वाक्य हाय. आपल्या घरावर किरपा आणि मलकापूरवाल्याच्या घरावर ठोका, असला वाटपाचा देव मला नगं. रुसली. रुसू दे.

विशाल म्हणतो, "त्येला ठाऊकच न्हाई गं आजी. त्येला वाटतंय मशीन एकाच बटनाचं असतंय."

"मग सांग की."

"सांगितलं तर झाडूबी जाईल."

लिही तसंच. गोडाचं तसंच झाकून ठेवलंय.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळ. विशाल पाळीच्या लई आधी निघून गेला. "मलकापूरवाला एसटीनं येतो, गेटाजवळ उतरतो," एवढंच बोलला. डबा हितंच ऱ्हायला.

सुजाता फोन हातात घेऊन उभी होती. डब्याचं सांगू का म्हणती. डब्याचं न्हाई सांगायचं तिला, मला कळतंय. माघारी या म्हणायचंय. तिचंबी चुकत न्हाई, घर तिला चालवायचंय.

मी म्हटलं, एवढ्यात नगं. एसटी आली आसंल. फोन वाजला तर त्येचं सांगणं मधीच तुटंल.

फोन ठेवला तिनं. लिहाय बसलीया, पर डोळं फोनावर.