आपलीच समजा

५ ऑक्टोबर, शनिवार. फुनाबोरी

आज जाग आली ती एका जुन्या आवाजाने. वर्गभर पोरं एका सुरात कविता म्हणताहेत आणि मधल्या बाकावरचं कुणीतरी कायम अर्धी मात्रा मागे! मिरजेची शाळा सुटून किती वर्षं झाली, पण हा आवाज काही सुटत नाही. डोळे उघडले तर खालच्या पाळणाघरातली मुलं जपानी गाणं म्हणत होती. अर्धी मात्रा मागे राहणारा गडी तिथेही होताच. मन एकदम प्रसन्न झालं.

काल रात्री जपानला पोहोचलो. पुष्करचं घर लहान पण देखणं. घरात पाऊल टाकताच चिरंजीवांनी कचऱ्याचे चार डबे दाखवले आणि म्हणाले, बाबा, इथे कचरा टाकायलासुद्धा पंचांग बघावं लागतं. सूनबाई स्वरूपा म्हणाली, ह्यांना ते अजून वाचता येत नाही, तुम्ही तरी शिका.

आणि ज्ञानदा! पहिलीत गेलीय. मला आजोबा म्हणत नाही, ओजीचान म्हणते. बागेत खेळायला जाते. संध्याकाळी वॉर्डाच्या भोंग्यांवर एक धून वाजते, मुलांनी घरी परतावं म्हणून. ती संपते न संपते तोच आमचं दार धाडकन उघडतं आणि आरोळी येते, "तादाइमा!" म्हणजे मी आले. बूट एकीकडे, शाळेची पिवळी टोपी दुसरीकडे. स्वरूपा रोज ओरडते. मला तर त्या आरोळीची आजच सवय लागली.

९ ऑक्टोबर, बुधवार

ज्ञानदाला माझी कविता शिकवायला घेतली. वर्गासाठी मीच रचली होती, मोठी काही नाही:

कोण आलं अंगणात? पाऊल वाजलं दारात!
दार उघडा, दिवा लावा, गूळपाणी द्या हातात.

"कोण आलं" एवढं म्हणून बाईसाहेब पळाल्या. जाताना म्हणाल्या, मुझुकाशी, म्हणजे अवघड आहे. जरा वाईट वाटलं. मराठी आपल्यापाशीच संपणार की काय, असं काहीबाही रात्री मनात येत राहिलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

आज इजिप्त पाहिलं, तेही डबा घेऊन! इथल्या मराठी मंडळाच्या अनुपने त्सुकुबाला एक दिवसाची सहल काढली होती. तिथल्या एका खासगी संग्रहालयात इजिप्तची देवळं आणि थडगी खऱ्याच मापाची उभी केली आहेत. पुष्करला ऑफिसचं काम आलं, स्वरूपाला आठवड्याचे कपडे. म्हणून आम्ही दोघंच गेलो, आजोबा आणि नात. सुट्टीचा दिवस, तरी पिवळी टोपी डोक्यावर हवीच.

दाखवणाऱ्या मोरिता-सान हातात छोटं निशाण घेऊन पुढे, अनुप मराठीत सांगत मागे. आधी खांबांचं देऊळ. एकेक खांब आठ माणसांच्या कवेत न मावणारा. डबे तिथल्या अंगणातच खाल्ले. मग उतरत्या वाटेने थडग्यात. भिंतींवर नांगर, बदकं, द्राक्षांचे वेल, रंग असे की हात लावावा. मोरिता-सान म्हणाल्या की थडगं हे त्यांच्या लेखी मेलेल्याचं घर. वाटसरूंनी आत येऊन नुसतं तोंडाने "भाकरी, पाणी" म्हटलं तरी घरधन्याला जेवण पोचतं. केवढी सुंदर कल्पना! शब्दावर पोट भरणारी माणसं.

सगळं नक्कल, पण शेवटच्या खोलीतली एक शिळा अस्सल. तिच्यावर एक गुरुजी कोरलेत. लेखनिकांच्या मुलांना शिकवायचे म्हणे, म्हणजे आमच्याच पेशातले. त्यांच्या पायाशी त्यांची लहान मुलगी होती, ती कुणीतरी छिन्नीने खरवडून काढली आहे. नावसुद्धा. उरलीत ती फक्त गुरुजींच्या पोटरीला धरलेली चार बोटं. ज्याचं चित्र गेलं आणि नावही गेलं, त्याला राहायला जागाच नाही, असं मोरिता-सान म्हणाल्या.

मला फार गलबलून आलं. मंडळी पुढे गेली, आम्ही दोघं मागे राहिलो. "भाकरी, पाणी" म्हणालो. माझी कविताही म्हटली, त्या बंद खोलीत छान घुमली. कालच दसरा झाला, ज्ञानदाने मंडळात सगळ्या मोठ्यांना वाकून नमस्कार केला होता. म्हटलं, इथेही कर, हे पण आजोबाच. ती वाकली, बरोबर त्या खरवडलेल्या जागेपाशी. आणि मी, जसं कुणाच्याही घरी म्हणतो तसं, म्हणालो: ही आमची नात, ज्ञानदा. आपलीच समजा. या एकदा फुनाबोरीला.

तेवढ्यात दिवे गेले. माणूस हलला नाही की आपोआप विझणारे असावेत. मी अंधारात तिचा हात चाचपला. दिवे लगेच परत आले. पोरगी माझ्या पोटरीला घट्ट धरून उभी. टोपी मात्र कुठे पडली ती सापडली नाही.

बसमध्ये अनुपने डोकी मोजली, सगळी होती. ज्ञानदा खिडकीकडे तोंड करून बसली. हात गार लागला. आणि मग तिने मला "आजोबा" अशी हाक मारली. स्वच्छ. आयुष्यात पहिल्यांदा!

१५ ऑक्टोबर, मंगळवार

ज्ञानदाने पूर्ण कविता म्हटली! अडखळली नाही. 'अंगणात'चा ण असा की मिरजेतल्या पोरांनी कान धरावेत. स्वरूपा म्हणाली, बाबा, आम्ही सहा वर्षं डोकेफोड केली, तुम्ही दहा दिवसांत चमत्कार केलात. मी आपलं हसून घेतलं.

हल्ली ती बागेत जात नाही. भोंगा वाजतो, पण आरोळी येत नाही. शाळेतून आली की उंबऱ्याबाहेर उभी राहते, मी "ये" म्हणेपर्यंत. स्वरूपा म्हणते, शिस्त लागली. माझ्या पायाशी बसून पोटरी धरते आणि म्हणते, अजून एक शिकवा.

मला इतका आनंद झालाय की थोडी लाजच वाटते.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

शाळेतून फोन होता. ज्ञानदा वर्गात जपानीत उत्तर देत नाही. कळत नसल्यासारखी बघते, तेही एका बाजूने. पुष्कर हसला, म्हणाला, बाबांनी पोरीला पार मिरजेला नेलं.

बाजूने बघते हे खरं आहे. पाच दिवसांत मी तिचा चेहरा समोरून पाहिलेला नाही. उभी राहते ती एक पाय पुढे टाकून, तोंड भिंतीकडे वळवून. पण डोळा मात्र माझ्याकडे. पूर्ण.

आणि जेवत नाही. ताट समोर घेऊन म्हणते, आजोबा, म्हणा ना. मी म्हणतो, "पोळी." ती ढेकर देते. ताटातली पोळी तशीच. मी उचलून खाल्ली. कागद चावल्यासारखी लागली.

स्वरूपाला सांगायला हवं होतं. सांगितलं ते असं की पोरीने ताट साफ केलं. का सांगितलं?

२० ऑक्टोबर, रविवार

अनुपने सहलीचे फोटो पाठवले. एक त्या शिळेचा, आम्ही बाहेर पडल्यानंतरचा. त्याला ती शिळा कॅमेऱ्यात घ्यायची राहिली होती म्हणे.

खरवडलेली जागा नाही. तिथे मुलगी आहे. वाकलेली, नमस्कार करताना वाकतात तशी. डोक्यावर पिवळं काहीतरी.

पुष्करला दाखवला. तो म्हणाला, बाबा, उजेड पडलाय कुठून तरी. मी फोन खिशात घातला. सांगायचं तर हेही सांगावं लागेल की मला बसमध्येच कळलं होतं. हात हातात घेतला तेव्हाच. आपल्या नातीचा हात आजोबाला कळत नाही होय? पण ती "आजोबा" म्हणाली. आणि मी मागे वळून पाहिलं नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

अनुपला विचारलं, पुन्हा नेशील का. संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद आहे, म्हणाला.

स्वरूपा तिला कुशीत घेऊन झोपते. सकाळी माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, बाबा, हिच्या केसांना वाळूचा वास येतो, धुऊनही जात नाही. तिचे डोळे भरले होते. मी म्हणालो, बागेतली असेल.

बागेत ती जातच नाही.

खोट्यावर खोटं. आणि दुपारी पुन्हा कविता. तिच्या एकटीच्या गळ्यातून आता वर्गभर पोरांचा आवाज येतो. अर्धी मात्रा मागे राहणारं मात्र त्यात कुणी नाही. आणि एक ओळ ती हल्ली गाळते. "दार उघडा" ही.

२३ ऑक्टोबर

पोरगी शाळेत असताना तो फोटो समोर ठेवला. आपला विश्वास असो नसो. म्हटलं, ज्ञानदासाठी ओनिगिरी, तिचे ते भाताचे गोळे. ज्ञानदासाठी आंब्याची वडी. ज्ञानदासाठी पाणी. दहा दिवस उपाशी आहे लेकरू — कुणी म्हटलंच नाही तिच्यासाठी. मी इथे दुसरीला भरवत होतो.

मग म्हणालो, ज्ञानदा, घरी ये. मी चुकलो. तू आमची आहेस. आमचीच.

मागे वळलो तर ती दारात. शाळेतून लवकर आलेली. आज "ये" म्हणायची वाट पाहिली नाही.

२४ ऑक्टोबर

घरात आम्ही दोघंच. ती पायाशी. लिहितोय तिकडे बघते आहे — एका डोळ्याने. म्हणते, आजोबा, मी सगळ्या कविता शिकेन. तुम्ही म्हणाल त्या सगळ्या. मला घालवू नका.

भोंगा वाजला. संपला.

बेल.

दाराच्या कॅमेऱ्यात कुणी दिसत नाही — नाही, खाली — टोपी. पिवळी, धुळीने माखलेली. तेवढीच दिसते. बुटकं आहे कुणीतरी.

"तादाइमा."

हळू. आरोळी नाही. रडून रडून बसलेला आवाज. पुन्हा — "ओजीचान, तादाइमा." मग "कोण आलं", एवढंच. पुढचं तिला येत नाही. मी शिकवलंच नाही धड —

पायाशी ही म्हणते, उघडू नका. किती स्वच्छ म्हणते.

आणि मी, देवा, मी अजून लिहीत बसलोय. उठत का नाही मी. एवढं सुंदर मराठी पुन्हा या घरात — नको. उठतो. दार उघडा, दिवा लावा. उठतोच आता. पण पोटरीवरची चार बोटं —