डाव्या बाजूचा आवाज

मोखाडा, १२ एप्रिल २००६

प्रिय प्रगती,

तुझी चिठ्ठी पाड्यावरच्या जिवाने जीपमधून उतरल्या उतरल्या हातात दिली. रविवारी तुझं लग्न, आणि पोशीआत्या गायला तयार नाही. देवाने आपला गळा काढून घेतला म्हणते. तू म्हणतेस, गाणी म्हणून लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या गाण्याशिवाय मी मांडवात बसणार नाही, आणि धवलेरी माझी आत्याच हवी. आत्या आणि भाची, हट्टात एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. पण साखरशेतची ती जुनी कॅसेट पाठव, आत्याला तिचाच आवाज ऐकवते, असं तू सहज लिहून गेलीस. अगं, त्या कॅसेटमध्ये आत्या ऐकूच येत नाही.

तू तेव्हा आश्रमशाळेत होतीस, म्हणून सांगतो. दहा वर्षांपूर्वी बाहेरून आपल्या साखरशेतच्या पाड्यावर दोन सर मोठं रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन आले होते. मुंबईच्या कार्यक्रमाला एक धवलेरी न्यायची होती. आत्या आणि माझी आई नवशी जोडीने गायच्या, म्हणून डावा माइक आत्यापुढे, उजवा आईपुढे. मी नुकताच बारावी झालेला, दोन्हीकडची भाषा येणारा, म्हणून मशीनपाशी मला बसवलं. दोन माइकचा आवाज चढवा-उतरवायची दोन बटणं, दोन काटे. दोन्ही काटे सारखे नाचले पाहिजेत, एवढंच काम. मग अंगणात सगळ्यांसमोर कॅसेट लावली. आई खणखणीत, आणि आत्या विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी. सर म्हणाले, या बाईंचा आवाज उतरलाय. आत्याने पदर सावरला आणि घरी निघून गेली. म्हातारे म्हणाले, देवाने दिलेली गाणी देवानेच परत घेतली. आई मुंबईला जाऊन आली, आणि पुढे सगळ्या पाड्यांवरून तिलाच बोलावणी यायला लागली. गेल्या वर्षी आई गेली, तोवर आत्या एकदाही मांडवात उभी राहिली नाही.

आज ऑफिसात रजा टाकली. इथे दहाला वीज जाते ती चारला येते, म्हणून सकाळी सातलाच कॉम्प्युटरपुढे बसलो. आधी टेपचं हेड स्पिरिटने पुसलं. एक बाजू दबली की बहुतेक वेळा हेडवरची घाणच असते. मग दुसरी कॅसेट लावून पाहिली. तिच्यात दोन्ही बाजू सारख्या, म्हणजे मशीन बिचारं निर्दोष. पडद्यावर वरची डावी रेघ सुतळीसारखी बारीक, खालची उजवी जाडजूड. डावी चढवली तर आवाजाबरोबर टेपची खरखरही चढली. मग एकेक कडवं वेगळं काढून थोडं थोडं चढवलं, उजवी जरा उतरवली. रेघा सारख्या दिसायला लागल्या तरी कानाला पटेना, कारण आईचा आवाज टोकदार आणि आत्याचा भरीव. शेवटी डोळे मिटले, हेडफोन लावला आणि नुसतं ऐकत बटण हलवत राहिलो. साडेनऊ वाजले होते.

आणि आत्या आली गं. डाव्या कानात, अगदी शेजारी बसल्यासारखी. मला वाटलं होतं दोघी बरोबरीने गातात. तसं नाहीच. प्रत्येक ओळ आत्या आधी उचलते आणि आई तिच्यामागून म्हणते. एका ठिकाणी आई विसरली, थांबली, तर आत्याने हळूच शब्द पुरवला आणि आई सावरून घेऊन पुढे गेली. माझ्या आईला सगळे वाहवा म्हणायचे ते या जोरावर. मी खुर्चीत बसून रडलो. वीज जायच्या आत कशीबशी नवी कॅसेट भरून घेतली.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. आत्याचा आवाज उतरला नव्हता. सर चहाला गेले तेव्हा डावं बटण मी खाली फिरवलं, मुद्दाम. माझ्या आईने मुंबई बघावी, एवढंच मनात होतं. आत्या कायमची गप्प होईल असं वाटलं नव्हतं, पण झाल्यावर तरी बोलायला हवं होतं. आईला कधी सांगितलं नाही. तुझ्या घरी जेवलो, आत्याच्या हातची भाकरी खाल्ली, आणि तोंड मिटून राहिलो. जिवा दुपारच्या जीपने कॅसेट आणि हे पत्र घेऊन येतोय. आत्याला वाचता येत नाही, तेव्हा तू वाचून दाखव. आधी पत्र, मग कॅसेट. उलट करू नकोस. स्वतःचा आवाज ऐकला की ती आनंदात मला माफ करून टाकेल, आणि कशाची माफी देतेय ते तिला कळणारसुद्धा नाही.

तुझाच, पण रविवारी आत्याने बोलावलं तरच येणारा,
मुकेश