गोधडीतला कॅमेरा

काकी, मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती पासपोर्ट फोटो काढायला. तारापूरची आमची कंपनी बंद पडली होती, पॅकिंगमधल्या आम्ही बायका नव्या कामासाठी अर्ज करत फिरत होतो. मी तेव्हा चौतीस वर्षांची. पालघरच्या तुमच्या स्टुडिओत मी दोनदा विचारलं, "किती वेळ लागेल?" तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणालात, "ऐकू येत नाय गं मला. समोर येऊन बोल." तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, त्याचं बोलणं तुम्हाला कळेना, म्हणून मीच मध्ये पडले. संध्याकाळपर्यंत तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी सालवडहून पुन्हा आले. मी तुमच्याकडे कामाला होते की शिकायला, हे आपण कधी ठरवलंच नाही.

गाण्याच्या कार्यक्रमांचे फोटो काढायची तुम्हाला भारी हौस. ज्या बाईला सूर ऐकू येत नाही तिला ही हौस कशी, हे मला कळायचं नाही. तेव्हा रोलचे दिवस होते. मंचावर दोन पिवळे दिवे, फ्लॅश चालायचा नाही, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागायचं, आणि तेवढ्यात गाणारा हलला की चेहरा पुसला जायचा. माझे पहिले दोन रोल असेच फुकट गेले. ओल्या प्रिंट हातात धरून तुम्ही डार्करूममधून बाहेर आलात. "तू गाणं ऐकत बसतेस," तुम्ही म्हणालात. "आवाज चढला की दाबतेस. तेव्हाच तर माणूस हलतो. समेच्या जरा आधी बघ, तबलेवाल्याचा हात वर थांबतो, गाणाऱ्याची मान थांबते. तेवढाच वेळ आपला." मला सम ऐकू यायची, काकी, तुम्हाला ती दिसायची.

मग शाळेच्या सभागृहातली ती संध्याकाळ. बाहेरगावच्या एक वयस्कर गायिका आल्या होत्या. आपण दोघी अगदी पुढे, सतरंजीवर. आलाप सुरू झाला, सभागृह चिडीचूप, आणि तुमचा जुना कॅमेरा वाजला, खटाक. तुम्हाला तो आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. पुन्हा खटाक. तिसऱ्या वेळी गायिकेनं डोळे उघडले आणि आलाप अर्ध्यावर सोडला. एक कार्यकर्ता माझ्या कानाशी वाकला. "ताई, त्या म्हातारीला सांगा, आवाज नाय करायचा. नायतर बाहेर घेऊन जावा." मी तुमच्या समोर तोंड नेऊन म्हटलं, "काकी, मागून उजेड बरा दिसतोय." तुम्ही उठलात. मागे बसून राहिलात, कॅमेरा मांडीवर ठेवून, शेवटपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी येते तर तुम्ही स्टुलावर बसून जुनी गोधडी कापताय. कॅमेऱ्याला अंगरखा शिवावा तसं काहीतरी चाललंय, भिंगासाठी एक भोक, हात घालायला खालून फट. "मागं उजेड बरा होता म्हणे," तुम्ही दातानं दोरा तोडलात. "मला ऐकू येत नाय, पण त्या बाईंचा गळा थांबला ते दिसलं. तो पोऱ्या बोलला तेव्हा तुझं तोंड कसं झालं, तेपण दिसलं." मी खाली पडलेले गोधडीचे तुकडे गोळा करायला लागले. "माझ्या भल्यासाठी खोटं बोलणारे घरात खूप आहेत. तू सरळ सांगत जा." मग कॅमेरा त्या गोधडीत घालून तुम्ही मला दारापाशी उभं केलंत. "आता ऐक. येतो आवाज?" येतो, म्हटलं. तुम्ही आणखी एक घडी टाकलीत. "आता?" येतोच. अशी सगळी सकाळ गेली. अखेर मी हात हलवून नाही म्हटलं, तेव्हा तुम्ही हसलात ते अजून डोळ्यांसमोर आहे.

वर्षभरानं त्याच गायिका पुन्हा आल्या. तुम्ही पहिल्याच ओळीत जाऊन बसलात. कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी आपण नेलेली प्रिंट पाहून त्यांनी विचारलं, "हा काढलात कधी?" मी प्रश्न तुमच्या समोर येऊन सांगितला. तुम्ही म्हणालात, "तुम्ही थांबला होतात तेव्हा." त्या बाईंनी तुमचे दोन्ही हात हातात घेतले.

आता माझ्या कॅमेऱ्याला आवाजच नाही, आणि अंधारातही त्याला सगळं दिसतं. परवा सरावलीला कारखान्यातल्या लोकांचं भजन होतं, हॉलमध्ये एकच ट्यूब. बाकीच्यांनी शेकड्यानं फोटो मारले. मी अजून पखवाजवाल्याचा हात थांबायची वाट बघते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. उजेडाचं ते खोटं मी तुमच्या भल्यासाठी बोलले, असं तुम्ही धरलंत, आणि मी ते तसंच राहू दिलं. खरं म्हणजे आलाप तुटला, सगळे वळून बघायला लागले, तेव्हा मला तुमची लाज वाटली होती. तो कार्यकर्ता येण्याआधीच मी सतरंजीवर तुमच्यापासून हातभर लांब सरकून बसले होते.