सोपाननं मला काय विचारलं

४ जाने.
आज भोजनप्रसंगी पापडाने माझ्यावर सशस्त्र हल्ला केला, सबब तीव्र निषेध नोंदवतो. कानात नवं यंत्र घालून पहिला तुकडा मोडला आणि कवटीत खडीक्रशर सुरू. सौ. समोरून काही बोलली, ते मात्र ऐकू आलं नाही. पापड ऐकायचा, पत्नी नाही, शास्त्राची प्रगती. यंत्र काढून डबीत ठेवलं. माझे कान गेलेत हे गावात कुणाला माहीत नाही. बहिरा वार्ताहर म्हणजे... असो.

७ जाने.
शेजारचे भाऊ पेटलेत. थोरल्या सोपानच्या उसाला तोड आली, पण ट्रॉली बाहेर काढायची वाट धाकट्या दत्तूच्या रानातून. दत्तूनं वाटच नांगरून टाकली. दोघंही मला मेसेज करतात. दत्तू: "नाना, त्याला सांगा, ट्रॉली घातली तर आडवा झोपीन." सोपान: "झोप म्हणावं. वरनंच नेतो." मी विष गाळून पुढं धाडतो: "दत्तूचं म्हणणं, बांधाच्या कडेनं न्यावी." फोनवर मी बृहस्पती. लिहिलेलं लख्ख ऐकू येतं.

९ जाने.
मिटलं! बांधाच्या कडेनं वाट, दोघांना मान्य. आता रीत तेवढी उरली: रविवारी पारावर समोरासमोर बसून एकमेकांच्या हातचा चहा प्यायचा, मी मध्ये. मध्ये बसलेल्यानं मान हलवली की ते ठरलं, असं इथं धरतात.
सौ. कानाशी येऊन ओरडली, "यंत्र घालून जावा की! लोक काय खात्यात व्हय तुम्हाला?" बघू म्हटलं.

११ जाने., रवि.
घातलं नव्हतं.
पारावर सगळे एकदम बोलत होते. पलीकडं सोपानचा ट्रॅक्टर चालूच. नुसती तोंडं हलताना दिसत होती. मी दोन्हीकडं बघून मान हलवत होतो, चारचौघांत हलवतो तशी. दत्तू काहीतरी बोलला. सोपानचा चेहरा उतरला. तो माझ्याकडं वळला, काहीतरी विचारलं. मी हसलो. मान हलवली. तो उठला, ट्रॅक्टरवरून ऊस तोडायचा कोयता घेऊन आला.
पहिला घाव दत्तूच्या खांद्यात. दुसरा डोक्यात. आवाज नाही. दत्तूचं तोंड वासलेलं, त्याची बायको पारू छाती बडवतेय, कपबशा दगडावर फुटतायत, आणि मला फक्त ट्रॅक्टरची घरघर. दत्तू माझ्या मांडीवर कोसळला. धोतर गरम झालं, मग गार.
पुढचं लिहवत

१२ जाने.
दत्तूला धाराशिवहून सोलापूरला हलवलं. शुद्ध नाही. सोपान कोठडीत. जमादार माझ्या तोंडाशी येऊन ओरडले, "तुम्ही तर मधोमध होता. मारायच्या आधी काय म्हणला त्यो?" म्हटलं, गडबडीत आठवत नाही. लिहून घेतलं त्यांनी.

१३ जाने.
गावच्या ग्रुपवर: "एकाच्या बदल्यात दोन पाडू." "हात तोडून बांधावर टांगा." परवापर्यंत हीच मंडळी सकाळी सकाळी गुलाबाची फुलं पाठवत होती. दुपारी दत्तूच्या मेव्हण्यानं सोपानचा उभा ऊस पेटवला. विझवायला धावलेल्या सोपानच्या जावयाला काठ्यांनी झोडपलं, नडगी बाहेर आली. मी लिहिलं, "शांत व्हा." माझ्या लिहिण्याला कुणीच उत्तर दिलं नाही, असं पहिल्यांदाच.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ कुणी दिला नाही, घेतला नाही.
सोपानच्या बायकोचा मेसेज: "आमचे हे सांगत्यात, नानाला इचारूनच उठलो. तुमी हो म्हणला म्हणं."
चार वेळा वाचला.

१६ जाने.
पारू त्या वेळी सोपानच्या मागंच उभी होती. तिला सोलापूरला लिहून विचारलं, सोपान मला नेमकं काय म्हणाला? घटकाभरानं आलं: "फोनवर न्हाय सांगायची नाना. समोर या. तुमच्या तोंडाकडं बघून सांगते."
सौ.ला सगळं सांगितलं. ती दोघांची पिशवी भरायला लागली.
एसटी सकाळची आहे. जायचं धाडस होत नाही. लोक बहिरा म्हणतील, म्हणोत, त्याचं आता काही वाटत नाही. पण सोपाननं "हाणू का याला?" असंच विचारलं असेल, तर मी हसून हो म्हटलंय. आणि दत्तू अजून डोळे उघडत नाही.