मागच्या खोलीपर्यंत झाडलेले अंगण

मी, नोमालांगा मबेना, माहेरची सिबिंदी, वय चोपन्न, कै. एलायजा मबेना यांची पत्नी, मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन, राहणार म्पोपोमा, बुलावायो, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी मागे उभे राहून सांगत नसताना लिहून ठेवते की, गेल्या बुधवारी माझ्या ओट्याचे लाल पॉलिश ओले असताना माझे दीर जोसाया मबेना त्यावरून बुटांसकट चालत आले. ठसे उमटले ते तसेच वाळले. बुधवार हा पॉलिशचा वार आहे हे आमच्या गल्लीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. त्या दिवशी त्या मागून जातात. मालमत्तेची वाटणी होण्याआधी या अन्यायाची नोंद व्हावी, म्हणून ती आधी केली.

येत्या सोमवारी माझ्या गळ्याची गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काम किरकोळ आहे. वसतिगृहात ज्या ज्या गोष्टीला किरकोळ म्हटले गेले तिच्यापायी मी रात्री जागून काढल्या आहेत. म्हणून हे लिखाण.

कलम पहिले. माझे घर: चार खोल्या, ओटा, अंगण, अंगणातला नळ आणि मागची भाड्याची खोली. नवऱ्यामागे हे सगळे माझ्या नावावर आहे. ते मी माझ्यामागे

(हे कलम अर्धे सोडले आहे. कोणाचे नाव घालावे ते ठरत नाही. खाली पाहावे.)

एकुलता एक मुलगा बेखिथेंबा जोहान्सबर्गला गेला, त्याला बरीच वर्षे झाली. आधी फोन येत, मग नुसते निरोप, मग तेही थांबले. दीर म्हणतात, तो गेला तो गेला, त्या शहराने कितीतरी गिळले. "घर मबेनांचं आहे, वहिनी, मबेनांतच राहू दे. मी आहे ना." हे ते माझ्या ओल्या पॉलिशवर उभे राहून म्हणाले. मी नाव न घालता गेले, तर दिराचा सोफा माझ्या आधी घरात शिरेल आणि मागच्या खोलीतली भाडेकरीण त्याच दिवशी रस्त्यावर येईल. हे मला स्पष्ट दिसते. बाकी काहीच स्पष्ट दिसत नाही.

कलम दुसरे. घर ज्याला जाईल, त्याला घराचे वारही जातील. नुसत्या भिंती मी कोणाला देत नाही. सोमवारी चादरी आणि कपडे. त्यांचे साबणाचे पाणी फेकू नये. त्यावर न्हाणीघर घासावे, आणि शेवटच्या खळबळलेल्या पाण्यावर पालेभाजीचे वाफे जगवावेत. मंगळवारी खिडक्या, त्याही जुन्या वर्तमानपत्राने; बातम्या वाचण्यापेक्षा तो उपयोग चांगला. बुधवारी ओटा. गुरुवारी कपाटे रिकामी करून पुन्हा लावावीत, म्हणजे आपल्याकडे काय नाही ते कळते. शुक्रवारी स्वयंपाकघर, छतापासून खाली. नळाला पाणी ज्या दिवशी येईल त्या दिवशी हे वार बाजूला ठेवून घरातले जे जे पोकळ आहे ते भरून ठेवावे. नगरपालिका वार पाळत नाही.

अंगण मात्र रोज, उजाडायच्या आत, खराट्याने, कोणाचा पाय पडण्यापूर्वी. दारापासून सुरू करून फाटकाकडे जावे. झाडलेल्या मातीवर रात्री कोण आले, कुठून गेले, साप की चोर की शेजारीण, सगळे सकाळी वाचता येते. असा पहारेकरी पगारावर मिळत नाही.

कलम तिसरे. दीर जोसाया यांना माझा पॉलिशचा ब्रश आणि उघडलेला डबा. गुडघ्यांवर बसून वापरावा.

कलम चौथे. मागच्या खोलीतली सामुकेले. शाळेचे गणवेश शिवते, भाडे वेळेवर देते, आवाज करत नाही. तिच्याविषयी इथे एक कलम लिहिले होते, ते खोडले आहे. ते का लिहिले आणि का खोडले, दोन्ही सांगते.

जुलै सरता सरता एका पहाटे मी खराटा घ्यायला गेले तर अंगण झाडलेले. वाटले, आपणच झाडले आणि विसरलो. गाठ गळ्यातून डोक्यात चढली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सामुकेलेला खराटा भिंतीला टेकवताना पाहिले.

आमच्यात तरण्या बाईने दुसऱ्याचे अंगण पहाटे झाडले, तर त्याचा एकच अर्थ होतो: ती त्या घरची सून आहे. आणि जी सासू ते गुपचूप बघते, तिने तिला पदरात घेतले. शेजारच्या मागुमेडेला हे सांगावे लागले नाही. भिंतीवरून मान काढून, आमच्यात बाईच्या माहेरच्या नावाला 'मा' लावतात तशी हाक मारून म्हणाली, "मासिबिंदी, सून आली आणि आम्हाला जेवण नाही होय?"

मी म्हटले, मुलाचा पत्ता नाही, मुलीच्या बापाला द्यायच्या गुरांची बोलणी नाहीत, सून कुठली?

"ते तू आणि तुझी सून बघा. आम्ही भुकेले आहोत एवढंच."

मी सामुकेलेला विचारले. ती गुडघे टेकून बसली. मी म्हटले, पोरी, हे अंगण माझे आहे. तर म्हणाली, "म्हणूनच झाडते, आई." दुसऱ्या पहाटे पुन्हा झाडलेले. शिवाय उलटे! फाटकापासून सुरू करून स्वतःच्या खोलीपर्यंत. शिवायला येते आणि झाडायला येत नाही, असे कसे? त्यात ही दोऱ्यासारखी पोर मोठ्या पातेल्यात लापशी रांधू लागली. मला वाटले, पोटुशी आहे; मग वाटले, कोणाची; मग वाटले, नकोच विचार. आणि मी इथे लिहिले की, झाडलोटीच्या जोरावर सामुकेलेचा या घरावर कोणताही हक्क उत्पन्न होत नाही.

कलम पाचवे. काल, गुरुवारी, पहाटेच नळाला पाणी आले. तिने खराटा टाकून बादल्या उचलल्या, अंगण अर्धे राहिले, आणि मी बाहेर आले.

नळापाशी माती ओली असते. तिथे अनवाणी पाय उमटले होते. पुरुषाचे. डाव्या पायाचे दुसरे बोट अंगठ्यावर चढलेले. तो पाय चालायला शिकण्याआधीपासून मी धुतला आहे. पावले फाटकातून नळाशी आणि नळापासून मागच्या खोलीकडे गेली होती. त्यातली दोन माझ्या ओट्याच्या पायरीसमोर जोडून उभी राहिली होती, आणि तिथून मागे वळली होती.

म्हणजे इतके दिवस ती पोर अंगण झाडत नव्हती. त्याला पुसत होती.

सामुकेले बादली घेऊन आली. माझ्याकडे पाहिले, मातीकडे पाहिले. मग हळू आवाजात सांगितले, की तो रात्री बाजारात टोमॅटोच्या लॉऱ्या उतरवतो आणि उजाडायच्या आत परततो. तिकडचे काम सुटले, कागदपत्रे गेली, होते ते सगळे गेले. "त्यांच्या हातात काही नाही, आई. रिकाम्या हातानं तुमच्या दारात येणार नाही म्हणतात."

तिकडून येणारे सगळे बसच्या टपावर ब्लँकेटे आणि चौकड्यांच्या पिशव्या लादून येतात, हे खरे. पाय पुसल्याशिवाय आत यायचे नाही, हे त्याला मी शिकवले. हात भरल्याशिवाय यायचे नाही, हे कोणी शिकवले, मला माहीत नाही. मी हाक मारायला तोंड उघडले, आणि वाटले, आज हाक मारली तर उद्या तो इथेही नसेल. की मारायला हवी होती? अजून कळत नाही. मी सामुकेलेला एवढेच म्हटले, "पाणी आहे तोवर भरून घे."

तेव्हा कलम पहिले पुरे करते: हे घर माझा मुलगा बेखिथेंबा एलायजा मबेना याला. वाढवलेली लापशीही त्यालाच. पण ओट्यावर बसून, दिवसाउजेडी. मागची खोली सामुकेलेला, ती राहील तोवर, भाड्याविना. ती सून आहे की नाही, ते तिच्या घरच्यांनी आणि त्याने ठरवावे. मला तिला काय म्हणावे ते समजत नाही, म्हणून नावानेच लिहिले आहे. तो आपल्या पायांनी पुढच्या दाराशी येईपर्यंत दीर जोसाया यांना यातले काही कळू नये. त्यांना कळले की रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेच्या आधी सगळ्यांना कळते.

बुलावायो, शुक्रवार, १६ ऑगस्ट २०१९.

नोमालांगा मबेना (सही)

साक्षीदार: सेलिना गुमेडे, म्हणजे शेजारची मागुमेडे (सही). चष्मा घरी राहिला म्हणाली. मी आणायला सांगितले नाही.
साक्षीदार: फिनियस म्लोत्श्वा, वसतिगृहाचा माळी (सही). त्याने काही विचारले नाही.

सहीनंतरची नोंद, मालमत्तेशी संबंध नाही: उद्या उजाडताच दीर सोफ्यासाठी खोल्या मोजायला येणार आहेत. सामुकेलेच्या इतक्या पहाटा माझ्याकडे राहिल्या आहेत, त्यातली एक परत करते. तिला झोपू द्यावे. फाटकापासून मागच्या खोलीपर्यंत मी झाडून ठेवीन.