आतले दोन दिवे

मी, जेनेव्हीव कोस्माल्स्की, कै. कॅझिमिर कोस्माल्स्की यांची पत्नी, वय एकोणऐंशी, राहणार हॅमट्रॅमिक, मिशिगन, कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि डोकं ठिकाणावर असताना माझ्या मागची व्यवस्था इथे लिहून ठेवते. डोक्याबद्दल ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी पत्त्यांचा एक डाव खेळून बघावा.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी रीटा हिला द्यावी. तळघरात ओल येते हे तिला ठाऊक आहे, तेव्हा मागाहून कुरकुर नको. माझं लाटणंही तिलाच. तिच्या पिएरोगीची पारी अजून जाड होते.

२. नणंद हेलन हिला काहीही नाही. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी आम्ही अवचित येणाऱ्यासाठी एक ताट रिकामं मांडतो. हेलनने त्या ताटापुढच्या खुर्चीवर आपला कोट टाकला आणि म्हणाली, "आता कोण यायचंय?" तो कोट टांगायला माझ्या घरातली खुंटीसुद्धा तिला मिळणार नाही.

३. आता गॅरेजमधली निळी गाडी. ही माझा मुलगा लेनर्ड याची. समोरच्या जाळीत एका ओळीत चार दिवे असायला हवेत, आहेत दोन. आतल्या दोन दिव्यांच्या जागी भोकं आहेत आणि तिथून जाड नळे थेट इंजिनाकडे जातात. मी कारखान्यात गाड्यांना दिवेच बसवत असे. एके दिवशी घरी येते तो चिरंजीव पाना घेऊन बसलेले.

"अरे, मी दिवसभर दिवे बसवायचे आणि तू घरी बसून उपटायचे?"

"आई, आतली गरम हवा ओढून इंजिन दमतं गं. त्याला बाहेरची गार हवा पाहिजे."

"आणि दिसायचं कसं?"

"बाहेरचे दोन आहेत की! आतले नुसते लांबचं बघायला. आपल्याला कुठे लांबचं बघायचंय?"

एकवीस वर्षांचा होता. त्याच उन्हाळ्यात सैन्याचं बोलावणं आलं. निघताना म्हणाला, "आल्यावर मीच बसवतो. तोवर हात लावू नकोस." मी लावला नाही. तो व्हिएतनामला गेला आणि तिथे बेपत्ता झाला. काही वर्षांनी सरकारने कळवलं की आता त्याला मृत समजावं. पुरायला काहीच आलं नाही, म्हणून मीही काही समजले नाही. गाडी मात्र चालती ठेवली. आमच्या थंडीत इंजिन लवकर गरम होत नाही, म्हणून दर हिवाळ्यात त्या भोकांत त्याचे लोकरी मोजे कोंबते आणि बर्फ वितळलं की काढते.

एकदा कामावरून आले तर चारही दिवे जागेवर. कॅझिमिर तिथेच उभा होता.

"मला ती भोकं बघवत नाहीत, जेन."

"आणि मला भरलेली बघवत नाहीत."

मी दिवे परत काढले. ईस्टरपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तो स्वयंपाकघरात रडायचा, मी गॅरेजमध्ये. पोर दोघांचं एकच होतं, पण रडायला एकत्र बसणं आम्हाला जमलं नाही. आता तोही गेला आणि ते राहूनच गेलं.

गेल्या महिन्यात रीटा म्हणाली, "आई, बाबांच्या थडग्याशेजारी लेनच्या नावाचा दगड बसवू या."

"आणि तो आला, त्याने तो दगड बघितला तर?"

"आई, माझाही भाऊ होता गं तो. मला फुलं ठेवायला एक जागा तरी दे."

म्हणून हे मृत्युपत्र.

४. माझा श्वास थांबल्यावर, आधी नाही, रीटाने कपाटातून लेनच्या सदऱ्यात गुंडाळलेले दोन दिवे काढावेत आणि स्वतःच्या हाताने बसवावेत. अंत्ययात्रेत सगळ्याच गाड्या दिवे लावून जातात. माझ्या शवगाडीच्या लगेच मागे लेनची गाडी असावी, रीटाने चालवावी, आणि लांबच्या प्रकाशासकट चारही दिवे लावावेत. पुढच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर उजेड आला तर त्याने तेवढं सोसावं. माझ्या मुलाची अंत्ययात्रा कधी निघालीच नाही. ही आम्हा दोघांची.

अंत्ययात्रा हळू चालते आणि हळू चालली की ही गाडी तापते. आता तर नळ्यांची तोंडंही बुजलेली असतील. काटा चढला तर आतला हीटर पूर्ण सोडावा, इंजिनाची आग आत येते आणि ते निवतं. भर जुलै असला तरी सोडावा. हे लेननेच शिकवलं.

५. दगडावर माझ्या नावाखाली लेनर्डचं नाव घालावं. मग गाडी रीटाची. ठेवावी, विकावी, मी रागावणार नाही. तिने लहानपणापासून माझ्या तोंडापेक्षा त्या गाडीवर वाकलेली माझी पाठच जास्त पाहिली आहे.

६. रीटा, दिव्यांचे स्क्रू फार आवळू नकोस. तो आलाच, तर उन्हाळ्यात त्याला ते काढावे लागतील.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांसमोर सही केली.

सही: जेनेव्हीव कोस्माल्स्की

साक्षीदार: स्टॅन्ली व्रोना, शेजारी
लॉरेन पियेत्राक, चर्चमधील सहकारी

स्थळ: हॅमट्रॅमिक, मिशिगन
दिनांक: ९ एप्रिल १९९८. मोजे आज सकाळीच काढले.