लोखंडी पुंगळ्या आणि बाबांचं रान

इर्कुत्स्क, ४ सप्टेंबर २००९

ती. पेलागेयाताईस,
धाकट्या केशाचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष एवढीच, की हे पत्र शेवटपर्यंत वाचावं. चूल पेटवायला मध्येच घेऊ नये.

तुझी यादी मिळाली. चहा, मीठ, सुया आणि गुडघ्याचं मलम ऑक्टोबरात येताना आणतो. शेवटच्या ओळीत तू लोखंडी पुंगळीच्या काडतुसांचे सहा डबे लिहिले आहेस. ते मात्र आणणार नाही. दुकानात ही काडतुसं सर्वांत खालच्या फळीवर, उंदराच्या विषाशेजारी असतात. आमच्या नेमबाजी मंडळात एकाने ती एकदा आणली, तर डबाबंद मासळी आणलीस म्हणून सगळे महिनाभर त्याला चिडवत होते. लोखंडावर हिरवं व्हार्निश फासलं म्हणून त्याचं पितळ होत नसतं. पितळ बार उडताच फुगतं, लगेच आकसतं आणि सुळकन बाहेर येतं. तुझं लोखंड नळीत ताठून बसतं, आणि मग पुंगळी काढायला बोल्टचा दांडा मागे ओढताना बैलगाडी ढकलल्यासारखा जोर लावावा लागतो. मी पितळेची वीस आणतो. पाहा आणि लाज.

आता मुख्य गोष्ट. बाबांच्या रानाचा शिकार-परवाना आपल्या दोघांच्या नावावर आहे आणि डिसेंबरात त्यावर दोघांच्याही सह्या लागतात. या वर्षी मी डोळे मिटून सही करणार नाही. भावोजी जाऊन सहा वर्षं झाली, तू चौसष्टची झालीस, आणि असल्या डबड्यांच्या भरवशावर गावापासून चाळीस किलोमीटर आत एकटी राहतेस. मी येऊन पाहीन. पटलं तर सही. नाही तर तू आमच्या मागच्या खोलीत. तुझ्या भावजयीने पडदेही शिवून ठेवले आहेत.

माया आहे म्हणूनच बोलतो, हे जाणून ती कमी करू नये.
तुझा,
इन्नोकेन्ती

तालाया, १९ सप्टेंबर

चि. केशास,
पेलागेयाचे अनेक आशीर्वाद. हे आयुष्याचे आणि आरोग्याचे आहेत. अकलेचे मागच्या पत्रात पाठवले होते, ते पोचलेले दिसत नाहीत.

तुझं पत्र त्रिफोनलाही वाचून दाखवलं. आपल्या रानाला लागून त्याचं रान, त्यामुळे त्याला काळजी. तुझा भाऊ शिकार करतो की काडतुसं कपाटात मांडतो, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तो कागदावरच्या गोलांची शिकार करतो. त्यांना पाय नसतात, त्यामुळे धावावं लागत नाही.

तुझ्या भावोजींची ही बंदूक तेवीस वर्षं हेच लोखंड खात आली आहे आणि तिला कधी अपचन झालेलं नाही. आपोआप भरणाऱ्या बंदुका कुरकुरत असतील. इथे बोल्ट माझ्या हाताने मागे येतो. जड लागला तर तळहाताचा एक टोला, की झालं. दहा-बारा बारांनंतर काठीला चिंधी गुंडाळून, काडतूस बसतं ती जागा पुसायची, एवढंच पथ्य. रिकामी पुंगळी बर्फात पडते आणि उन्हाळ्यापर्यंत गंजून जाते. तुम्ही पितळ वेचता, धुता, पुन्हा भरता, आणि कंजूष म्हणे आम्ही. वर्षाला माझे तीसही बार होत नाहीत. ही नळी झिजण्याआधी मीच झिजेन.

पडद्यांचा रंग कळव, म्हणजे त्या खोलीत किती दिवसांत वेड लागेल याचा अंदाज बांधता येईल. या रानाबाहेर मी जगणार नाही, हे तुला ठाऊक आहे. सही तुझ्या हातात आहे म्हणून तुझे पाय धरीन, असं मात्र समजू नकोस.

जीव लावतोस तसाच लाव. जीभ थोडी आवर.
तुझी ताई

इर्कुत्स्क, २ नोव्हेंबर

ती. ताईस,
नमस्कार. नदी गोठण्याआधीच्या शेवटच्या बोटीने सुखरूप पोचलो. धक्क्यावर तू बोट सुटायच्या आधीच पाठ फिरवून गेलीस, म्हणून लिहितो.

जे घडलं त्यात मला नवल वाटलं नाही. शिंगाळा, घोड्याएवढा एल्क ऐंशी पावलांवर उभा होता, मी बार टाकला, आणि दुसऱ्या बाराला बोल्ट उघडेना. बंदूक कोणाची? तुझी. ती कोणत्या मालावर पोसली? खालच्या फळीवरच्या. काडतूस बसतं त्या काजळीने भरलेल्या कोठीत माझं बिचारं पितळ अडकलं. कोणत्याही समंजस माणसाला आणखी पुरावा लागणार नाही. उद्या समोर एल्कऐवजी अस्वल असेल तर?

सही मी करणार नाही. खोली तयार आहे. पडदे निळे आहेत.

राग धरू नये. धरल्यास इथे येऊन धरावा.
इन्नोकेन्ती

तालाया, १७ नोव्हेंबर

चि. केशास,
आशीर्वाद. सवय म्हणून देते.

तुझं पत्र सुरेख आहे. फक्त त्यातली अर्धी हकिगत झोपडीतच राहिली आहे. ती पाठवते.

रात्री गोठणाऱ्या थंडीत बंदूक बाहेर पडवीतच टांगून ठेवतात, हे आपल्याकडे दुधाचे दात पडायच्या आधी कळतं. तू तुझी ती फिनलंडची बंदूक राणीसारखी लाडाने शेकोटीजवळ घेऊन झोपलास. तिला घाम फुटला, आणि सकाळी बाहेर नेताच बोल्ट बर्फाने बसला. म्हणून तू माझी घेतलीस. आदल्या दुपारी माझ्याच बंदुकीतून, माझीच सोळा काडतुसं तू नेमासाठी उभ्या केलेल्या फळीवर उडवली होतीस, ती कशी फाकतात हे मला दाखवायला. लोखंड कोठीला घट्ट चिकटत नाही, म्हणून धूर मागे येतो आणि काजळी धरते. त्याने लोखंडाचं अडत नाही. त्याच काजळीत पितळ घातलं तर ते फुगून रुतून बसतं. मी संध्याकाळी चिंधी पुढे केली होती. तू म्हणालास, "चिंध्यांनी बंदुका साफ करणारी माणसं मी फक्त सिनेमात पाहिली आहेत." मग सकाळी त्याच न पुसलेल्या बंदुकीत पितळ घातलंस.

बोल्ट मी लाकडाच्या ओंडक्याने तीन टोल्यांत उघडला. तोवर मागची मांडी फुटलेला एल्क दलदलीत शिरला होता. तू बूट ओले झाल्याचं सांगून चहा करायला झोपडीत परतलास. मी दोन दिवस त्याच्या मागे होते. तिसऱ्या सकाळी तो बर्चच्या झाडाला टेकून उभा सापडला, आणि एका लोखंडी काडतुसात त्याचे हाल संपले.

कातडं शिकारी संघात जमा करायला नेलं, तेव्हा अध्यक्ष लुक्यानोवने दोन भोकं पाहिली आणि पहिला बार कोणाचा, असं विचारलं. त्याने का विचारलं ते तुला सांगायला नको. जखमी जनावर सोडून जो चुलीकडे परततो त्याचं नाव रानातून उठतं, हा संघाचा पहिला नियम आहे. बाबा अध्यक्ष असताना त्यांनी त्याच नियमाने स्वतःच्या सख्ख्या भावाचं, आपल्या काकांचं, नाव उठवलं होतं. तुझं उठलं असतं तर एकट्या माझ्या सहीवर भागलं असतं.

मी सांगितलं, दोन्ही बार माझे.

सगळी खोली हसली. ऐंशी पावलांवर पेलागेयाने मांडी फोडली. आता तिने मोजे विणावेत, असं एकजण म्हणाला. त्रिफोन खाली बघत बसला, कारण तो मला ओळखतो. बाबांच्या नावाखाली तुझं नाव खोडलेलं मला बघवलं नसतं, एवढंच. तुझ्यासाठी केलं असं समजून फुगू नकोस. पितळ आहेस, अडकशील.

सही कर वा करू नकोस. कागद पंधरा डिसेंबरला बंद होतो.

आठवण ठेव, खरी.
ताई

इर्कुत्स्क, ५ डिसेंबर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार, या वेळी खरोखर वाकून.

लोखंडी काडतुसांबद्दल माझं मत बदललेलं नाही. तो भिकार माल आहे, आणि तो वापरणाऱ्यांना चव नसते. चव असलेल्या माणसाने दलदलीच्या काठावर काय केलं, ते मात्र मी काल अध्यक्ष लुक्यानोवला तीन पानं लिहून फॅक्सने कळवलं: बंदूक, चिंधी, चहा, सगळं. पहिला बार कोणाचा हेही. गावात वाचून दाखवा, असं खाली लिहिलं आहे. तुझ्यावर हसलेल्यांना माझ्यावर हसू दे; रानातलं तेवढं तरी माझ्या वाट्याला राहील.

आज सकाळी त्याचा फोन आला. माझं नाव उठलं. परवाना तुझ्या एकटीच्या सहीने होईल. तो म्हणाला, नियम सर्वांना सारखाच. मी म्हटलं, माहीत आहे, काकांच्या वेळी मी दाराआड उभा होतो.

पुन्हा त्या रानात पाऊल टाकीन ते तू बोलावलंस तरच.

देशील तेवढी माया पुरे.
केशा

तालाया, २१ डिसेंबर

चि. केशास,
आशीर्वाद.

सही केली. 

मार्चमध्ये बर्फ कडक होतं, तेव्हा ये. पाहुण्याने सरपण फोडायचं असतं. बंदूक आणू नकोस.

तुझी,
ताई